टीम पास आऊट होते, क्लब होत नाही!

एक सोपा क्विझ. रियल माद्रिदच्या एका स्ट्रायकरनं १९८९-९० च्या सीझनमध्ये स्पॅनिश लीगमध्ये ३८ गोल मारले. स्पेनमध्ये सीझनचे सर्वांत जास्त गोल करण्याचा मान त्यानं एकूण पाच वेळा मिळवला. तर प्रश्न असा, की या माणसाकडं डिग्री कोणती होती?

हसू नका. उत्तर आहे, दातांच्या डॉक्टरकीची!

त्याचं नाव ह्यूगो सांचेझ. मेक्सिकोचा. १९७६ साली तो आपल्या विद्यापीठाच्या क्लबकडून देशाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायला लागला आणि त्याच विद्यापीठात दंतवैद्यक शिकत राहिला. १९८१ मध्ये तो स्पेनला गेला, आधी अ‍ॅटलेटिको माद्रिद आणि १९८५ पासून रियल. पुढचं तर जगाला माहीत आहे. आणि तो एकटाच नव्हे. त्याच क्लबला १९९१ मध्ये लीग जिंकून देणारा आणि १९९४ च्या वर्ल्डकपला मेक्सिकोच्या टीमचा कोच असलेला मिगेल मेहिया बारोन, तोही डेंटिस्टच. म्हणजे एकाच क्लबच्या ड्रेसिंग रूममधून दोन डेंटिस्ट!

आपल्याकडं दहावीला बरे मार्क पडले, की घरात पहिली वस्तू कुठली अडगळीत जाते? बूट. "आता बारावी आहे बाळा, आता सीईटी आहे, आता इंजिनिअरिंगला आलास, आता कसलं खेळणं?" हे वाक्य ऐकलं नाही असा एकही जण आपल्या कॉलेजात नसेल. म्हणून मला या क्लबची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. त्यातून आपल्या कॉलेजाबद्दल एक मुद्दाही मांडायचा आहे. पटला नाही तर कट्ट्यावर भांडू.

क्लबचं नाव पुमास. पुमा म्हणजे अमेरिका खंडातला तो मोठ्या मांजरासारखा जंगली प्राणी. क्लब आहे मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा. स्पॅनिश आद्याक्षरांवरून त्या विद्यापीठाला सगळे 'उनाम' म्हणतात. पुमा हे नाव फुटबॉलचं नव्हेच. विद्यापीठात आधी अमेरिकन फुटबॉल जोरात होता, म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते. त्या टीमच्या कोचनं आपल्या पोरांना पुमा म्हणायला सुरुवात केली आणि नाव सगळ्या विद्यापीठालाच चिकटलं.

आपण जो खरा फुटबॉल म्हणतो, त्याची टीम १९५४ साली दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरली. विद्यार्थ्यांची टीम. आठ वर्षं खालीच. १९६२ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून ती वर आली. तिथून पुढं पहिला किताब मिळवायला आणखी पंधरा वर्षं गेली. १९७६-७७ ची फायनल बघा: एका बाजूला पुमास आणि दुसऱ्या बाजूला ग्वादालाहारा विद्यापीठाची टीम! एका देशाच्या प्रोफेशनल लीगची फायनल आणि दोन्ही टीम विद्यापीठांच्या. पुमास १-० नं जिंकले. बरं, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा तर पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, पुमास पुन्हा फायनलला आणि समोर नुएव्हो लिऑनच्या विद्यापीठाचे 'तिग्रेस', म्हणजे वाघ. या वेळी वाघ जिंकले. आपल्याकडं आंतरविद्यापीठ फायनल बघायला दोन्ही टीमचे राखीव खेळाडू आणि बसचा ड्रायव्हर एवढेच असतात. तिथं सलग दोन वर्षं अख्खा देश आंतरविद्यापीठ फायनल बघत होता, असं म्हटलं तरी चालेल.

१९७४ मध्ये मॅन्युएल आंद्रादे नावाच्या डिझायनरनं क्लबला ते प्रसिद्ध चिन्ह दिलं: पुमाचं तोंड, पण नीट बघितलं तर इंग्रजी 'यू' अक्षर, युनिव्हर्सिटीचं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ते जर्सीवर आहे. आपल्या गॅदरिंगचा लोगो दर वर्षी नवा असतो हे जाता जाता नोंदवतो.

आता स्टेडियम. हा भाग खास सिव्हिलवाल्यांसाठी. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला शितले नावाच्या ज्वालामुखीचा थंड झालेला लाव्हा पसरलेला आहे. त्या खडकाळ पठारावर उनामचं विद्यापीठनगर उभं राहिलं आणि तिथंच १९५२ साली स्टेडियमचं उद्घाटन झालं. मधली जमीन उकरायची, ती माती बाजूला रचून दाबायची, त्या उतारावर प्रेक्षकांच्या पायऱ्या करायच्या आणि बाहेरून तिथलाच काळा दगड लावायचा. धरणाचा मातीचा बांध घालावा तसं काम! लांबून ते ज्वालामुखीच्या तोंडासारखं दिसतं. बाहेरच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं रंगीत दगडांचं भित्तिशिल्प केलं. २००७ मध्ये युनेस्कोनं विद्यापीठनगराच्या मुख्य भागाला जागतिक वारसा ठरवलं आणि हे स्टेडियम त्यात येतं. हजारो माणसं बसतात. समुद्रसपाटीपासून उंची सव्वादोन हजार मीटरच्या आसपास, त्यामुळे पाहुण्या टीमची दमछाक ठरलेली.

या स्टेडियमला एक काळी आठवणही आहे. १९६८ साली मेक्सिकोत विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं. १८ सप्टेंबरला सैन्य थेट विद्यापीठात घुसलं. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार होऊन कित्येक जण मारले गेले. त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं ते याच विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये. त्यामुळे मेक्सिकोतला माणूस पुमासची जर्सी घालतो तेव्हा त्यात नुसता फुटबॉल नसतो. त्यात विद्यापीठ असतं. बापानं तिथं शिकलेलं असतं, नाहीतर आपलं पोरगं तिथं शिकावं असं तरी वाटत असतं. उनामची पायरीसुद्धा न चढलेली लाखो माणसं स्वतःला पुमास म्हणवतात, त्याचं कारण मला हेच वाटतं.

खेळाचं म्हणाल तर क्लबचा एक धंदा पहिल्यापासून पक्का: पोरं घडवायची. विकत घेतलेल्या स्टारपेक्षा घरच्या पोरांवर भर. १९८६ च्या वर्ल्डकपमध्ये बल्गेरियाविरुद्ध हवेत आडवा होऊन कात्रीसारखा गोल मारणारा मॅन्युएल नेग्रेते याच क्लबनं घडवला. रंगीबेरंगी जर्सीवाला, कधी गोलकीपर तर कधी फॉरवर्ड खेळणारा होर्हे कॅम्पोसही इथलाच. बोरा मिलुटिनोविच नावाचा सर्बियन माणूस इथं खेळायला आला, इथंच कोच झाला, १९८०-८१ ची लीग जिंकून दिली आणि नंतर पाच वेगवेगळ्या देशांना घेऊन पाच वर्ल्डकप गाठले. १९९१ च्या फायनलला क्लब अमेरिकाविरुद्ध रिकार्डो फेरेत्तीनं मारलेल्या फ्री किकची गोष्ट तिथं अजून सांगतात. आणि २००४ मध्ये आपला डेंटिस्ट ह्यूगो सांचेझ इथला कोच होता. त्याच वर्षी क्लबनं मेक्सिकन लीगचे दोन्ही किताब मारले, वर माद्रिदला जाऊन मैत्रीपूर्ण सामन्यात खुद्द रियल माद्रिदला १-० नं हरवलं. २०११ पर्यंत क्लबच्या खात्यावर लीगचे सात किताब होते.

आता कुणीतरी म्हणणार, "ते सगळं ठीक आहे, पण आज त्या टीममध्ये खरोखरचे विद्यार्थी किती?" बरोबर विचारलं. पुमासची पहिली टीम ही पूर्ण पगारी, प्रोफेशनल टीम आहे. परदेशी खेळाडू आहेत, जर्सीवर कंपन्यांची नावं आहेत. दुपारी थर्मोडायनामिक्सचं लेक्चर करून संध्याकाळी फायनल खेळणारा ह्यूगो सांचेझ आता तिथंही सापडणं अवघड. पण मला जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे. १९५४ च्या टीममधली पोरं केव्हाच पास आऊट झाली, म्हातारी झाली. तरी टीम राहिली. कशी राहिली?

तर विद्यापीठानं नाव दिलं, मैदान दिलं, आणि क्लब चालवण्यासाठी विद्यापीठाशी बांधलेली पण स्वतंत्र ना-नफा संस्था उभी राहिली. तिचा हिशेब वेगळा, कोच वेगळे, लहान वयाच्या टीम वेगळ्या. कुलगुरू बदलले, आंदोलनं झाली, सीझन वाईट गेले, पण क्लब कुणा एका माणसाच्या उत्साहावर उभा नव्हता. टीम आणि क्लब यांच्यात एवढाच फरक आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. टीम म्हणजे या वर्षी खेळणारी अकरा पोरं. क्लब म्हणजे ती अकरा पोरं गेल्यावरसुद्धा बाराव्या पोराला बूट घालून यायला जागा असणं.

आता मेक्सिकोतून घरी येऊ. १९६२ साली पुमास पहिल्या डिव्हिजनमध्ये आले, आणि त्याच १९६२ च्या नोव्हेंबरात कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. आणि विद्यापीठ झालं कुठं? महाराष्ट्रात फुटबॉलसाठी जीव टाकणारं एखादं शहर दाखवा म्हटलं तर बोट ज्या शहरावर जाईल, तिथंच! कोल्हापूरला फुटबॉल कुणी शिकवायची गरज नाही. वर्ल्डकप आला की पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे कटआऊट लागतात. राजर्षी शाहू स्टेडियमवर केएसएची लीग सुरू झाली की माणसं दुकानाचं शटर खाली ओढून मॅचला जातात. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी... ही नावं आमच्याकडं लहान पोरांनासुद्धा पाढ्यासारखी पाठ असतात.

यातल्या कितीतरी नावांत 'तालीम' हा शब्द आहे तो बघा. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पेठेतल्या पोरांची हक्काची जागा. फुटबॉल आला तेव्हा याच तालमींनी त्याला घर दिलं. मागं कुठली कंपनी नाही, कुठलं सरकार नाही. पेठेतला वडापाववाला, सराफ, रिक्षावाला, निवृत्त मास्तर यांच्या वर्गणीवर आणि चिकाटीवर टीम चालते. आजोबा खेळले, बाप खेळला, आता नातू खेळतो. म्हणजे क्लब कसा टिकवायचा हे शिकायला मेक्सिकोला जायची गरजच नाही, ते ज्ञान बिंदू चौकाच्या आसपास फुकट मिळतं.

आता याच्या उलट बाजू बघा. मुंबईचा महिंद्रा युनायटेड. २००५-०६ मध्ये देशाची नॅशनल लीग जिंकलेला क्लब. २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. पंजाबचा जेसीटी, पहिल्यावहिल्या नॅशनल लीगचा विजेता, २०११ मध्ये गुंडाळला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१५ मध्ये संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. मी यातल्या कुणाला नावं ठेवत नाही, त्यांनी चांगले खेळाडू दिले. पण पैसा असूनसुद्धा हे क्लब गेले आणि वर्गणीवाल्या तालमी राहिल्या, हे कोडं मला सुटायला थोडा वेळ लागला. उत्तर असं, की कंपनीच्या ताळेबंदात फुटबॉल हा एक खर्चाचा कॉलम असतो. कॉलम कधीही खोडता येतो. पेठ खोडता येत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की कॉलेजही खोडता येत नाही. कॉलेजकडं पेठेसारखंच कायमचं नाव आहे, दर वर्षी नवीन पोरं आहेत, जुन्या पोरांचा लळा आहे आणि, नशीब असेल तर, मैदानही आहे.

मग आपल्या कॉलेजांतून काय होतं? माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. मी नेसरीचा. नेसरी म्हटलं की लोकांना १६७४ चा रणसंग्राम, प्रतापराव गुजर आणि त्यांच्याबरोबरचे सहा वीर आठवतात, ते योग्यच आहे. अकरा पोरं जमली नाहीत की आम्ही सात-सात खेळतो, आणि आमच्या गावात सात या आकड्याला कुणी कमी समजत नाही! आमची मोठी पंढरी म्हणजे गडहिंग्लज. दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा असली की आम्ही फराळाचा डबा घेऊन तिकडंच. म्हणजे आमच्या भागात फुटबॉल शहरातून आलेल्या पाहुण्यासारखा नाही, घरचाच आहे.

पण यातली जी पोरं अभ्यासात बरी निघतात, ती इंजिनिअरिंगला येतात, आणि इथं त्यांच्या फुटबॉलला चार वर्षांची एक्स्पायरी डेट लागते. फर्स्ट इयरला कुणी विचारत नाही. सेकंड इयरला सिनिअर बोलावतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठ दिवस आधी प्रॅक्टिस सुरू होते, त्यातले तीन दिवस सबमिशनमध्ये जातात. एक किंवा दोन मॅच. हरलो की किट परत जमा, जिंकलो की फोटो आणि नोटीस बोर्डवर नावं. थर्ड इयरला कुठं एकमेकांचा खेळ कळायला लागतो, तोवर फायनल इयर, प्रोजेक्ट, प्लेसमेंट. आणि मग टीमच पास आऊट! विद्यापीठाच्या स्पर्धेत चालू विद्यार्थीच खेळू शकतो, आणि आंतरविद्यापीठला गेलं तर वयही पंचविशीच्या आत लागतं. नियम चूक नाही. पण त्यापलीकडं काहीच नसेल तर दर चार वर्षांनी आपण शून्यातून सुरुवात करतो. आमचा एक गोलकीपर होता, पेनल्टीला डोळ्यात डोळे घालून उभा राहायचा. आज तो चाकणला क्वालिटीमध्ये आहे, शिफ्ट ड्युटी. मागच्या सुट्टीत भेटला तर म्हणाला, "ग्लोव्हज घरात आहेत रे, पण खेळू कुणाकडून?"

खेळू कुणाकडून? या प्रश्नाला आपल्या कॉलेजकडं आज उत्तर नाही. पेठेतल्या पोराकडं ते असतं. खेड्यातून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराची पेठ कोणती? त्याची पेठ म्हणजे त्याचं कॉलेज. आणि ती पेठ त्याला चार वर्षांनी गेटबाहेर सोडते.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं उदाहरण आपण सगळे छाती फुगवून देतो. रिक्षाचालकाचा मुलगा, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये देशाकडून खेळला, पुढं जमशेदपूरकडून आयएसएल खेळला. अभिमान आहेच. पण घडण्यासाठी त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं, हेही आठवा. सगळ्यांना ते जमत नाही. सगळ्यांनी देशाकडून खेळावं असंही नाही. माझा मुद्दा देशाकडून खेळणाऱ्या एकाचा नाही. चांगलं खेळणाऱ्या आणि चांगलं शिकणाऱ्या शंभर पोरांचा आहे, ज्यांना आपण 'एक काहीतरी निवड' म्हणतो.

यावर आक्षेप येणार, मला माहीत आहेत.

पहिला: "उनाम कुठं, आपण कुठं?" खरं आहे. तिथं साडेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत. आपल्याकडं सगळ्या ब्रँच मिळून हॉल भरतो. पण मी तेवढं मोठं स्टेडियम मागतच नाही. पुमाससुद्धा दुसऱ्या डिव्हिजनमधून, विद्यार्थ्यांच्या टीमवर सुरू झाले. आणि बजेटचा मुद्दा असेल तर तालमींचं बजेट बघा.

दुसरा: "विद्यापीठाचा क्लब म्हणजे टिकणारच असं कुठंय?" हाही बरोबर. मेक्सिकोतच ग्वादालाहारातल्या एका खासगी विद्यापीठाचा 'टेकोस' नावाचा क्लब होता. १९९३-९४ ची लीग जिंकला. २०१२ मध्ये विद्यापीठानं तो एका उद्योगसमूहाला विकला आणि २०१४ मध्ये टीम दुसऱ्या शहरात नेली गेली. संपलं! तिग्रेस मात्र वेगळ्या वाटेनं टिकले: १९९६ पासून कारभार एका सिमेंट कंपनीकडं, पण नाव आणि मैदान विद्यापीठाचं. हाच क्लब फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब वर्ल्डकपच्या फायनलला बायर्न म्युनिकसमोर उभा होता. तेव्हा विद्यापीठाची पाटी लावली की झालं, असं नाही. क्लब हा विकायची वस्तू आहे की संस्थेचा भाग आहे, हे आधी ठरवावं लागतं.

तिसरा आक्षेप बहुतेक सर मंडळींचा: "गर्दी, भांडणं, जबाबदारी कोण घेणार?" हा मी हसण्यावारी नेणार नाही. कोल्हापुरातही समर्थकांच्या राड्यामुळं मॅच थांबल्या आहेत. आणि पुमासच्याच स्टेडियममध्ये २६ मे १९८५ ला फायनलच्या वेळी आत शिरणाऱ्या गर्दीची एका बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन आठ जणांचा जीव गेला. खेळाची जबाबदारी घ्यायची म्हणजे याचीही घ्यायची. पण आपण इंजिनिअर होणार आहोत ना? गर्दी, दरवाजे, जिन्यांची रुंदी हे प्रश्न आपणच सोडवायचे असतात. धोका आहे म्हणून मैदान बंद, हे उत्तर सोपं असेल, चांगलं नाही.

चौथा: "भारतात असं कुणी करतं का?" करतं की! हैदराबादच्या श्रीनिधी डेक्कन या क्लबच्या मागं इंजिनिअरिंग कॉलेज चालवणाराच शिक्षणसमूह आहे. २०१५ मध्ये सुरुवात केली आणि २०२१-२२ च्या सीझनला टीम थेट आय-लीगमध्ये. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेज आणि प्रोफेशनल फुटबॉल हे दोन शब्द एका वाक्यात बसू शकतात.

मग करायचं काय? माझ्या डोक्यात आहे ते सांगतो, यात रॉकेट सायन्स नाही.

कॉलेजच्या नावानं एक क्लब नोंदवावा. त्यात चालू विद्यार्थी आणि पास आऊट दोघंही खेळतील. विद्यापीठाच्या स्पर्धेला चालू विद्यार्थ्यांची टीम जाईलच, पण ओपन स्पर्धेत, गडहिंग्लजला म्हणा, आजऱ्याला म्हणा, क्लबची टीम उतरेल. चाकणचा आमचा गोलकीपर सुट्टी काढून येईल, मी लिहून देतो.

दुसरं, जिमखान्याच्या हिशेबात क्लबचं खातं वेगळं असावं आणि ते वर्षातून एकदा नोटीस बोर्डवर लागावं. वर्गणी मागायची तर हिशेब दाखवायलाच पाहिजे. तालमीत कट्ट्यावर सगळ्यांसमोर हिशेब विचारला जातो, म्हणून तर लोक पुन्हा पैसे देतात.

तिसरं, संध्याकाळी मैदान आजूबाजूच्या शाळेतल्या पोरांना खुलं करावं आणि थर्ड इयरच्या पोरांनी त्यांना शिकवावं. आज पाचवीत असलेलं पोरगं सात-आठ वर्षांनी याच कॉलेजात अ‍ॅडमिशन घेईल तेव्हा ते 'आपल्या' क्लबमध्ये येईल. पुमासचं सगळं गुपित यातच आहे.

चौथं, मुलींची टीम पहिल्या दिवसापासून हवी. मेक्सिकोत मुलींची प्रोफेशनल लीग सुरू व्हायला २०१७ उजाडलं, पुमासची मुलींची टीम त्यात तेव्हा आली. म्हणजे तिथं साठ वर्षं उशीर झाला. आपण तोच उशीर कॉपी करायचं काही कारण नाही. कॉपी करायला आपल्याकडं जर्नल्स आहेत!

आणि शेवटचं, मैदान. नवीन बिल्डिंग, नवीन पार्किंग आलं की पहिली कुऱ्हाड मैदानावर पडते, ही कुठल्या एका कॉलेजची तक्रार नाही, सगळीकडची रीत आहे. लॅब वाढल्याच पाहिजेत. पण उनामनं खडकाळ लाव्हा फोडून मैदान केलं, आणि आपण तयार लाल मातीवर पेव्हिंग ब्लॉक टाकतो, याला काय म्हणावं?

कुणी म्हणेल, इंजिनिअरिंगचं आणि फुटबॉलचं काय नातं? मला विचाराल तर फार जवळचं. आपल्याला चार वर्षं एकच गोष्ट शिकवतात, की एखादा पार्ट झिजला तरी मशीन चालू राहिलं पाहिजे, पार्ट बदलता आला पाहिजे. आपली कॉलेज टीम हे असं एकच मशीन आहे, जे पार्ट गेला की अख्खं भंगारात जातं आणि पुढच्या वर्षी नवीन विकत घ्यावं लागतं. हे डिझाइन चुकीचं आहे. ते बदलणं आपल्या हातात आहे.

यंदा फायनल इयरला आठ जण टीममधून जाणार आहेत. राहणार तीन. पुढच्या जूनमध्ये त्या तिघांनी पुन्हा अकरा शोधत हॉस्टेलचे दरवाजे वाजवायचे, की जाणाऱ्या आठ जणांची नावं क्लबच्या रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर लिहायची, हे ठरवायला अजून एक सेमिस्टर आहे. रजिस्टर मी आणतो. शंभर पानी, लांब वही. पेन तुमचा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल